तानीच्या कणग्यांचं सील

चंद्रभान गावंडे साहेबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं. सही करायची वेळ आली की ते समोरच्याचं पेन मागून घ्यायचे आणि बहुतेक वेळा परत द्यायला विसरायचे. खिशात असायचा तो रुमालात गुंडाळलेला पितळी शिक्का. साहेब बोईसरच्या कृषी निविष्ठा नियमन कार्यालयाचे प्रमुख, आणि तो शिक्का त्या कार्यालयाचा. जेवताना शिक्का खिशात, मीटिंगला शिक्का खिशात. एकदा तर तो शर्टासकट वॉशिंग मशीनमधून फिरून आला होता, असं ड्रायव्हर मारुती शपथेवर सांगायचा.

निविष्ठा म्हणजे बी, खत आणि फवारणीचं औषध. शब्द सरकारी आहे, शेतकऱ्यानं तो कधी तोंडातून काढलेला नाही. या तिन्ही गोष्टी खोट्या किंवा जुनाट विकल्या जाऊ नयेत, यासाठी हे कार्यालय. दुकानात जायचं, नमुना घ्यायचा, कापडाच्या तीन पिशव्यांत सारखा वाटायचा, सुतळी बांधायची, मेणबत्तीवर लाख वितळवायची, गाठीवर थापायची आणि वर शिक्का दाबायचा. एक पिशवी प्रयोगशाळेला, एक दुकानदाराला, एक आपल्या कपाटात. उरलेल्या मालाबद्दल संशय असेल तर त्यालाही सील. सील म्हणजे विक्री बंद.

वैभवी तांडेल मार्चमध्ये या कार्यालयात निरीक्षक म्हणून रुजू झाली. पोरगी किनाऱ्यावरच्या मुरबे गावची. आई सातपाटीहून मासळी घेऊन पालघरच्या बाजारात विकणारी, बाप आणि भाऊ बोटीवर. घराण्यात दर्याकडे पाठ करून शेतीचं शिकलेली ही पहिलीच. दापोलीला पहिल्या वर्गात पास झाली होती, आणि भाताच्या सतरा रोगांची नावं तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आली असती.

पहिल्याच दिवशी साहेबांनी तिला समोर बसवून धडा दिला.

"तांडेल मॅडम, या खात्यात सतरा वर्षं काढली मी. एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण सील बघायचं. माल नाही बघायचा. माल बघायला गेलात की प्रश्न सुरू होतात. सील अखंड आहे ना? मग माल अखंड आहे. संपलं."

त्यांच्या मागे भिंतीवर फ्रेम केलेला फोटो होता. गोदामाचं बंद शटर, शटरच्या कुलपावर लाखेचं लालभडक सील, सीलकडे बोट दाखवणारे साहेब, आणि बाजूला एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून उभा असलेला एक माणूस. तो शैलेश शेठ. पालघर-मनोर रस्त्यावर त्याचं कृषी सेवा केंद्र. मागच्या वर्षी त्याच्या गोदामात मुदत संपलेल्या बियाण्याच्या दोनशे पिशव्या सापडल्या, साहेबांनी त्या सील केल्या, आणि कोर्टाचा निकाल लागायचा होता, तोवर त्या तशाच पडून होत्या.

"तशाच म्हणजे कागदावर," मारुती तिला जीपमध्ये म्हणाला. "शेठच्या गोदामाला मागच्या गल्लीत दुसरं दार आहे मॅडम. तिथं टेम्पो लागतो. सगळ्या पालघरला माहितीये."

वैभवीनं ते साहेबांना जाऊन सांगितलं. साहेबांनी फाईल मागवली, पंचनामा शांतपणे वाचला आणि फाईल बंद केली.

"मागचं दार आपल्या पंचनाम्यात नाही," ते म्हणाले.

विषय तिथेच मिटला. वैभवीला राग आला होता, पण नोकरीचा नववा दिवस होता. तिनं तो गिळला.

मे महिन्यात याच शैलेश शेठचा अर्ज आला. स्वतःचं गोदाम सील झाल्यापासून शेठ कायद्याचा भलताच भक्त झाला होता आणि दुसऱ्यांवर करडी नजर ठेवून होता. अर्जात लिहिलं होतं, की डोंगराकडच्या साकवपाड्यावर तानी नावाची एक बाई विनापरवाना भाताचं बियाणं विकते, त्यामुळे प्रमाणित बियाण्याच्या विक्रीवर विपरीत परिणाम होत आहे. सरळ भाषेत सांगायचं तर साकवपाड्यावर आणि आजूबाजूच्या चार पाड्यांवर शेठचं एक पाकीट खपत नव्हतं. तीन आठवड्यांनी वरून तपासणी पथक यायचं होतं आणि साहेबांना दाखवायला एखादी ताजी कारवाई हवी होती. साहेबांनी खिशावर हात ठेवून शिक्का जागेवर आहे ना ते पाहिलं.

"चला," ते म्हणाले.

तानी साठीच्या पुढची. कुडाचं घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, आणि घरात शिरल्या शिरल्या उजव्या हाताला तीन कणग्या. बांबूच्या कामट्यांच्या विणलेल्या, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेल्या, माणसाच्या छातीएवढ्या उंच. एकीत दांगी, एकीत कुडई आणि एकीत तानीच्या सासूनं माहेराहून आणलेलं लाल भात, ज्याला नावच नव्हतं. राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं बी. पाचही पाड्यांवरच्या बाया पेरणीच्या आधी तानीकडे यायच्या, सूपभर बी न्यायच्या. डोंगरउतारावर पाणी ठरत नाही, तिथे हेच भात उभं राहतं हे सगळ्यांना माहीत होतं.

"विकता तुम्ही हे?" साहेबांनी विचारलं.

"विकत नाय. देते."

"फुकट?"

"फुकट कशाला? भात झालं की सूपभर आणतात परत. कोण काय आणतं, कोण काय. साखरबाय कोंबडा घेऊन आलती औंदा."

साहेबांचे डोळे चमकले. "लिहा तांडेल मॅडम. बियाण्याच्या मोबदल्यात एक कोंबडा. म्हणजे विक्री झाली. कोंबडा कुठे आहे?"

"खाल्ला," तानी म्हणाली.

"मुद्देमाल खाल्ला?"

"मुद्देमाल नाय, कोंबडा खाल्ला. जिवल्या पण होता जेवाया."

जिवल्या तानीचा पुतण्या. तारापूरच्या कारखान्यात रात्रपाळी करून नुकताच आला होता, आणि घरात जीप, साहेब आणि लाख बघून त्याची झोप उडाली होती. त्यानं कोंबड्याबाबत मान खाली घालून कबुली दिली. पंचनाम्याला पाड्यावरचा माणूस पंच म्हणून लागतोच, तेव्हा साहेबांनी त्यालाच पंच केला.

नमुने पिशव्यांत भरून झाले, आता सील. वैभवीनं मेणबत्ती पेटवली. कणगीचं तोंड जाड फडक्यानं बांधलं, वरून सुतळीचे चार वेढे दिले, गाठीवर लाख ओतली. दापोलीत भाताचं बी कसं वाढवायचं ते शिकवलं होतं, कसं कोंडायचं ते नव्हतं शिकवलं.

"हे कधी काढशील?" तानीनं हळूच विचारलं.

"प्रयोगशाळेचा अहवाल आला की."

"तो कधी येल?"

"महिना. दीड महिनाही लागेल कदाचित."

तानीनं दाराबाहेर बघितलं. अंगणाच्या पलीकडे रोपांचा राब भाजून तयार होता, काळीभोर जमीन बियाण्याची वाट बघत होती. पेरायला बारा दिवस राहिले होते. हे तानीला माहीत होतं आणि सतरा रोगांची नावं पाठ असलेल्या वैभवीलाही माहीत होतं. या कणग्या बंद राहिल्या तर पाच पाड्यांची खाचरं यंदा पडीक राहणार, नाहीतर शेठच्या पाकिटातलं सपाटीचं भात डोंगरावर मरणार. वैभवीला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

मग तानी पुढे झाली आणि तिच्या दंडाला धरून म्हणाली, "वरतीच लाव हां बाय, चांगलं घट्ट लाव. खालती नको हात लावू, शेणाचा हात ओला हाय. तुजे कपडे भरतील."

वैभवीला भडभडून आलं. जिचं बी आपण बंद करतोय ती आपल्या कपड्यांची काळजी करतेय! तिनं सील वरतीच लावलं. घट्ट लावलं. साहेबांनी स्वतः शिक्का दाबला, लाख थिजेपर्यंत फुंकर घातली आणि तिन्ही कणग्यांसोबत फोटो काढून घेतला.

त्या दिवशी घरी वैभवीला घास जाईना. आईनं ताटात घोळ माशाचा तुकडा वाढला, तो तसाच राहिला. शेवटी तिनं सगळं सांगितलं.

आई मासळीच्या पाटीवर आयुष्य काढलेली बाई, गोड बोलणं ती गिऱ्हाइकासाठी राखून ठेवायची. "त्या बायचं बी कोंडलंस? आमच्या जाल्याला कोणी असा शिक्का मारला तं? तुजा अहवाल येईसतो दर्या थांबल काय?"

दुसऱ्या दिवसापासून वैभवीनं प्रयोगशाळेला पत्रं पाठवायला घेतली. पहिल्या पत्रावर तातडीचे, दुसऱ्यावर अति तातडीचे, तिसऱ्यावर अत्यंत निकडीचे असं लाल शाईनं लिहिलं. तिन्ही पत्रांना एकच उत्तर आलं, की आपला नमुना रांगेत आहे. फोन केला तर पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, की सगळ्यांचेच नमुने अत्यंत निकडीचे असतात. तपासणी पथक आलं, कणग्यांचा फोटो बघून शाबासकी देऊन गेलं. पेरणीचे दिवस आले आणि गेले.

जूनच्या अखेरीस तिला राहवेना. स्वतःच्या पगारातून तिनं लवकर येणाऱ्या भाताच्या बियाण्याची एक गोण घेतली, मारुतीला गळ घातली आणि साकवपाड्याकडे निघाली. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं. मावशी, मला माफ करा. हे तुमच्या दांगीसारखं नाही, पण काही नाही त्यापेक्षा बरं.

शेवटच्या वळणावर मारुतीनं जीपच थांबवली. "मॅडम, हे बघताय का?"

साकवपाड्याचे सगळे राब हिरवेगार होते. एक नाही, दोन नाही, नजर पोचेल तिथपर्यंत. रोपं वीतभर उंच, दाट, अंगात वारं शिरल्यासारखी डुलत होती. वैभवी गोण तिथेच सोडून धावत तानीच्या घरात शिरली. तिन्ही कणग्या जागेवर. तिन्ही सीलं जागेवर. लाखेला तडा नाही, सुतळी हललेली नाही, शिक्क्याचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"मावशी, बी कुठून आणलंत?"

"कुठून म्हंजे? कणगीतून."

"पण सील..."

तानी कणगीपाशी उकिडवी बसली आणि बुडाशी असलेला शेणाचा पोपडा नखानं खरवडला. आत चिंध्यांचा एक मोठा बोळा होता. तो तिनं ओढून काढला. हात जाईल एवढं भोक. त्यातून चारदोन लाल दाणे आणि थोडी राख तिच्या तळहातावर घरंगळली.

"वरतून भरायचं आन् खालतून काढायचं. जुनं बी आदी निगतं, नवं वरती ऱ्हातं. कणगी म्हंजे अशीच असते बाय. सगळ्यांना ठाव हाय."

"मला नव्हतं," वैभवी म्हणाली. मुरब्याच्या घरात सुकी मासळी बांबूवर टांगलेली असते, तिथे कणगी कुठून येणार? आणि चंद्रभान साहेबांनी सतरा वर्षांत शटर आणि पिशव्या सोडून दुसरं काही सील केलं नव्हतं.

"ते दिसलंच ना आमाला," तानी म्हणाली. "म्हणून तं कोणी बोल्लं नाय."

"आणि तुम्ही माझ्या कपड्यांची काळजी करत होतात!"

"कपड्यांची पण करत होती," तानी म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

वैभवीही हसली. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. महिनाभर छातीवर बसलेला धोंडा एका चिंधीच्या बोळ्याबरोबर निघाला होता. हसून झालं आणि मग तिला फाईल आठवली. पंचनाम्यावर सही कुणाची? तिची. जप्त माल कुणाच्या जबाबदारीवर? तिच्या. कणग्या उघडल्या आणि रिकाम्या निघाल्या तर निलंबन कुणाचं? सहा महिनेही झाले नव्हते नोकरीला.

"घाबरू नको मॅडम," जिवल्या दारातून म्हणाला. "मी पंच हाय. सील हाय तसंच हाय. मी रोज सकाळी येऊन बघतो."

तिनं गोण जीपमधून उतरवून तानीच्या हवाली केली. तानीनं मूठभर बी हातात घेतलं, दाताखाली एक दाणा फोडला आणि गोण जिवल्याच्या हाती दिली. "कोंबड्यांना होईल," ती म्हणाली.

पुढचे काही दिवस वैभवीनं सुखात काढले. मग आवणीच्या ऐन दिवसांत शैलेश शेठ कुठल्याशा कामानं साकवपाड्यावरून गेला. त्यानं बाया रांगेत वाकून रोपं लावताना पाहिल्या आणि तो तडक बोईसरला आला. जिना चढताना त्याला धाप लागली होती, पण खुर्चीत बसायला तो तयार नव्हता.

"साहेब, सगळा पाडा हिरवा आहे! बी आलं कुठून? तुमचं सील नावालाच आहे का? आताच्या आत्ता चला, कणग्या उघडा आणि माल मोजा. नाहीतर मी वर जाईन."

वर जाईन म्हटल्यावर साहेब उठले. त्यांनी वैभवीकडे बघितलं. वैभवीनं फाईल उचलली. मारुतीनं जीप काढली.

तानीचं घर पुन्हा भरलं. आवणी सोडून बाया चिखलाच्या पायांनी अंगणात येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी खिशातून भिंग काढलं आणि एकेक सील न्याहाळलं. पहिलं अखंड. दुसरं अखंड. तिसरं बघताना त्यांनी कणगीवर हात टेकवला, आणि मग कसं कोण जाणे, सवयीनं म्हणा की आधारासाठी म्हणा, बोटाच्या पेरानं कणगीवर एक टिचकी मारली.

ढब् असा आवाज आला. भरलेल्या कणगीचा तो आवाज नव्हता. पिंपावर वाजवावं तसा पोकळ आवाज, आणि तो घरातल्या सगळ्यांनी ऐकला. साहेबांचा हात तसाच हवेत राहिला. वैभवीला वाटलं, संपलं सगळं.

साहेबांनी हात मागे घेतला आणि दुसऱ्यांदा टिचकी मारली नाही.

"सीलं अखंड आहेत," ते म्हणाले.

"सीलाचं काय घेऊन बसलात?" शेठ ओरडला. "माल मोजा! सील अखंड असलं तरी आतला माल जाऊ शकतो!"

शेठचं ते वाक्य संपायच्या आत वैभवीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साहेबांच्या मागच्या भिंतीवरची फ्रेम तिला डोळ्यांपुढे दिसली. शटर, सील, एरंडेल प्यायलेला चेहरा. ती एक पाऊल पुढे आली, आणि तिचा आवाज मासळीबाजारात आई गिऱ्हाइकाशी बोलते तसा मऊ झाला.

"शेठ म्हणतात त्यात तथ्य आहे, सर. सील अखंड असूनही माल कमी भरू शकतो, असं शेठ लेखी देणार असतील तर आपण आजपासून सील असलेला सगळाच माल मोजायला घेऊ. आधी या कणग्या. मग इथून परस्पर शेठच्या गोदामात जाऊ. दोनशे पिशव्या आहेत ना शेठ? संध्याकाळपर्यंत होतील मोजून. पंच इथूनच नेऊ. मागच्या गल्लीनं गेलं तर जीप अगदी दारात लागते, असं मारुती म्हणतो."

मारुतीनं दारातून जोरात मान हलवली.

शैलेश शेठच्या कपाळावर घाम तरारला, आणि ज्या फोनची रिंग कुणालाच ऐकू आली नव्हती तो त्यानं खिशातून काढून कानाला लावला.

"काय? आत्ता? बरं बरं, आलोच," तो फोनमध्ये म्हणाला, आणि मग साहेबांना म्हणाला, "साहेब, सील अखंड आहे म्हणता ना तुम्ही? मग माझा विश्वास आहे. सरकारवर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?"

"तसं लिहून द्या," वैभवी म्हणाली.

त्यानं लिहून दिलं. साहेबांनी सहीला त्याचंच पेन घेतलं आणि खिशात टाकलं. शेठ गेल्यावर अंगणातल्या बाया मोठमोठ्यानं हसत चिखलात परत गेल्या. तानीनं वैभवीला धरून उंबऱ्यावर बसवलं आणि गुळाचा खडा तोंडात घातला.

परतीच्या वाटेवर साहेब खिडकीबाहेर बघत होते. तसंच बाहेर बघत म्हणाले, "ते मागच्या दाराचं काय म्हणालात?"

पुढच्या आठवड्यात वैभवीनं जाऊन गोदामाच्या मागच्या दारालाही सील ठोकलं. दोनशेपैकी एकसष्ट पिशव्या उरल्या होत्या, आणि त्याचा स्वतंत्र खटला झाला. शिक्का साहेबांनी स्वतः रुमालातून काढून तिच्या हातात दिला. बरोबर मात्र आले नाहीत.

जुलैच्या शेवटी प्रयोगशाळेचा अहवाल आला. उगवणशक्ती चौऱ्याण्णव टक्के, नमुना उत्तीर्ण. खाली एक ओळ होती, की शेतकऱ्यानं स्वतः राखलेलं, कुठल्याही नावाखाली न विकलेलं बी त्याला दुसऱ्याला देता येतं, तेव्हा कारवाईचं प्रयोजन समजलं नाही. वैभवीनं कणग्या मोकळ्या करण्याचा आदेश टाईप करून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो वाचला आणि काचेच्या पेपरवेटखाली सरकवला.

"विचाराधीन," ते म्हणाले.

ऑगस्ट गेला. सप्टेंबर गेला. वैभवी आठवण करून द्यायची, साहेब म्हणायचे विचाराधीन. सील काढायचं म्हणजे आत बघायचं, आणि साहेबांना आत बघायचं नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनंही आठवण करून देणं सोडलं. कणग्या कागदावर भरलेल्या होत्या, पाड्यावर रिकाम्या होत्या, आणि दोन्ही ठिकाणी सगळे खुशीत होते.

नोव्हेंबरात एका सकाळी तानी कार्यालयाचा जिना चढून आली. अंगावर नवं लुगडं, मागे जिवल्या. ती सरळ साहेबांच्या केबिनमध्ये शिरली आणि उभ्यानंच म्हणाली, "साहेब, सील काढाया चला. भात झोडून झालं. नवं बी भरायचं हाय."

वैभवी दारात थिजली. तिनं तानीला मागून खुणा केल्या, डोळे मोठे केले, हातानं नको नको केलं. तानीचं लक्ष नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, कणग्या भरलेल्या आहेत. भरलेल्या कणगीत आणखी काय भरणार?"

"भरलेल्या हायेत त्या तुमच्या कागदात," तानी म्हणाली. "माज्या घरात रिकाम्या हायेत. आन् खालतून काडता येतं साहेब, खालतून भरता नाय येत. बी उघड्यावर पडलंय, उंदीर लागला तं फुडल्या वर्साला पाच पाडे काय पेरतील? वरचं तोंड तुमीच बंद केलंत, तुमीच उघडा."

खाली रस्त्यावर एक रिक्षावाला हिंदीत कुणाशी तरी भांडत होता. तानीनं काही लपवलं नव्हतं. तिला लपवायची गरजच वाटली नव्हती. आपलं बी, आपली कणगी, यात लाजायचं काय? वैभवीला एकाच वेळी तिच्या पाया पडावंसं आणि तिचं तोंड दाबावंसं वाटलं.

साहेबांनी पेपरवेट उचललं, खालचा कागद काढला आणि वैभवीकडे हात पसरला.

"पेन द्या," ते म्हणाले.

साकवपाड्यावर साहेबांनी स्वतः लाख फोडली. सुतळी सोडली, फडकं काढलं आणि कणगीत डोकावले. अंगणातून दिसत होतं ते एवढंच, की साहेबांचं डोकं कणगीत आहे आणि ते बाहेर यायला वेळ लागतोय. आतून त्यांचा घुमणारा आवाज आला.

"लिहा तांडेल मॅडम. सील अखंड स्थितीत आढळले. माल मूळ मालकाच्या ताब्यात आहे."

"आहे, सर," वैभवी म्हणाली आणि लिहिलं. तिच्या आजवरच्या पंचनाम्यांत इतकं खरं वाक्य दुसरं नव्हतं.

साहेबांनी डोकं बाहेर काढलं. भुवयांना राख लागली होती. तानीनं नव्या लाल भातानं भरलेलं सूप त्यांच्यापुढे धरलं. "तुमच्या हातानं बंद झालती, तुमच्याच हातानं भरा. पयलं सूप तुमचं."

साहेब गांगरले. सतरा वर्षांत त्यांनी हजार गोष्टी बंद केल्या होत्या, भरायला कुणी कधी बोलावलं नव्हतं. त्यांनी सूप दोन्ही हातांत घेतलं, जपून कणगीच्या तोंडावर नेलं आणि हळूहळू ओतलं. आतून सळसळ आवाज आला. चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू फुटायला लागलं होतं, आणि तेवढ्यात ते हसू जागच्या जागी थांबलं.

बोळा लावायचा राहिला होता. वरून ओतलेलं सगळं बी कणगीच्या बुडातून भळाभळा बाहेर येऊन साहेबांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर पडत होतं.

कुणी हसलं नाही. जिवल्यानं दातांखाली ओठ धरला. साहेब खाली वाकले, त्या भोकाकडे बघितलं, बुटांवरच्या लाल दाण्यांकडे बघितलं. मग गुडघ्यावर बसून त्यांनी ते दाणे दोन्ही हातांनी गोळा करून सुपात घातले, बुटाच्या लेसमध्ये अडकलेला शेवटचा दाणासुद्धा. भोकात बसेल असं काही आजूबाजूला दिसेना, तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढला, शिक्का बाहेर काढून पँटच्या खिशात टाकला आणि रुमालाचा घट्ट बोळा करून भोकात कोंबला.

"मावशी, आता ओता," ते म्हणाले. मग वैभवीकडे न बघता पुढे म्हणाले, "तांडेल मॅडम, बुडाचं काही लिहू नका."